चार वर्षांत एकच फेरा घेणारं चाक : जुनी स्केलेटन कॅलेंडर घड्याळं

चाटीगल्लीकर (धागाकर्ता)

घड्याळांवर इथं याआधी बरेच धागे निघालेत. बहुतेक सगळे फिरून फिरून एचएमटी जनता आणि लग्नात सासऱ्यांनी दिलेलं टायटन यांच्यापाशी येऊन थांबतात. त्यात मीही हिरिरीने लिहिलंय, तक्रार नाही. आज मात्र वेगळ्या जातीची घड्याळं घेऊन आलोय. जुनी, चावीची नाहीतर ऑटोमॅटिक, मशीनमधला काढता येईल तेवढा धातू कोरून काढलेली (यालाच स्केलेटन म्हणतात), आणि वर तारीख, वार, महिना, चंद्र असा सगळा संसार सांभाळणारी.

साधं स्केलेटन बघायला छान असतंच. बॅलन्स, म्हणजे लय ठरवणारं चाक, झुलताना दिसतो, चाकांना ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या एस्केपमेंटचा दात अडकून सुटताना दिसतो. पण खरं सांगू का, थोड्या वेळात मन भरतं. सगळं एकाच लयीत हलतंय, मग पुढे काय? कॅलेंडर आलं की गंमत सुरू होते. एकाच काचेखाली सेकंदाला पाच-सहा ठोके देणारा बॅलन्स असतो आणि त्याच्या शेजारी चार वर्षांत एकच फेरा पूर्ण करणारं चाक असतं.

पर्पेच्युअल कॅलेंडरमधलं, म्हणजे लहान-मोठे महिने आणि लीप वर्ष आपलं आपण सांभाळणाऱ्या कॅलेंडरमधलं, महिन्यांचं चाक ते. त्याच्या कडेला ४८ महिन्यांच्या ४८ जागा. ३१ दिवसांच्या महिन्याला कड तशीच उंच ठेवलेली, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच. चारातला एक फेब्रुवारी २९ चा, म्हणून तिथली खाच जराशी कमी खोल. महिन्याला साडेसात अंश सरकायचं आणि मग पुन्हा महिनाभर गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. एक लांब तरफ आपलं नाक त्या कडेवर टेकवून असते. खाच जितकी खोल तितकी तरफ जास्त मागे जाते, आणि महिनाअखेरीला तारखेच्या चाकाचे तितके जास्त दात पुढे ढकलते. २८ फेब्रुवारीच्या रात्री चार दात: २९, ३०, ३१ आणि १.

सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. चादरीच्या मागावर जकार्डची भोकं पाडलेली कार्डं आपण सगळ्यांनी बघितलीत. भोक आहे की नाही एवढंच सुई तपासते, आणि त्यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं. हे चाक म्हणजे चार वर्षांचं जकार्ड कार्ड, वाटोळं केलेलं.

बंद डायलच्या घड्याळात हे सगळं डायलखाली गाडलेलं असतं. मालकाला फक्त निकाल कळतो. स्केलेटनमध्ये हिशेब उघड्यावर चालतो, आणि माझ्या मते या घड्याळांचं सगळं वेड तिथंच आहे. लिहा मंडळी, कुणी अशी बघितलीत, हाताळलीत का?

कडकभाकरी

चार वर्षांत एकदा फिरणारं चाक बघायला लाखो रुपये? माझ्या मोबाईलला फेब्रुवारी कळतो की बे. तोही फुकटात.

बाकी लेख लई भारी. जकार्डचं वाचून आजोबा आठवले, ते असते तर तुझ्याशी तासभर वाद घालत बसले असते.

चाटीगल्लीकर

कळतो ना मोबाईलला. पण कसा कळतो ते तू मला दाखव बघू.

घे म्हणून मी कुणालाच सांगत नाहीये, माझ्याकडे स्वतःकडेही नाही. बघण्यापुरतं तरी वेड असू दे.

सुईदोरा

लेख आवडला, पण मुद्द्यावर सहमत नाही. स्केलेटन घड्याळात किती वाजले ते दिसत नाही हा साधा प्रश्न सगळे शौकीन टाळतात. त्यात कॅलेंडर घातलं की आणखी तीन-चार छोट्या तबकड्या, चंद्राची खिडकी, आणि मागे सोनेरी चाकांची गर्दी. काळे काटे असले तर निदान काही अंदाज तरी येतो. सोनेरी काटे सोनेरी चाकांवर, म्हणजे शोधत बसा. मी भावाच्या हातात एक साधं स्केलेटन बघितलंय, तो वेळ बघायला मोबाईल काढतो!

एखादी वस्तू आपलं मूळ काम सोडून नुसती दाखवण्यासाठी उरली की तिचं कौतुक किती करायचं?

चाटीगल्लीकर

ताई, वेळ वाचायला त्रास होतो हे शंभर टक्के मान्य. काही कारागीर कडेला पूर्ण कडं ठेवतात, त्यावर आकडे नीट येतात, काटे निळ्या पोलादाचे घालतात. तेवढं केलं तर बऱ्यापैकी वाचता येतं. न करणारेच जास्त.

पण 'दाखवण्यासाठी' हा प्रकार आजचा नाही. पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याच्या १६० नंबरच्या घड्याळाचं उदाहरण घ्या. १७८३ मध्ये फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतसाठी म्हणून त्याची मागणी नोंदवली गेली. त्यात पर्पेच्युअल कॅलेंडर आहे, आणि डायल स्फटिकाची, म्हणजे आतलं सगळं दिसावं अशीच मुळात योजना. घड्याळ पूर्ण झालं १८२७ मध्ये. राणीचा शिरच्छेद १७९३ ला झाला, खुद्द ब्रेगे १८२३ ला गेला. ज्यांच्यामुळे सुरू झालं त्यातलं कुणीच ते बघायला उरलं नाही. पुढे १९८३ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं, २००७ मध्ये सापडलं. ज्याला वेळच बघायची होती त्याने त्यापायी चव्वेचाळीस वर्षं घातली नसती.

सुईदोरा

गोष्ट सुरेख आहे. माझा प्रश्न मात्र जागेवरच आहे.

भिंगवाला

नवी पेठेत वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आता मी बसतो. पर्पेच्युअल माझ्या टेबलावर आलं तर मी ते उघडणार नाही, सरळ परत देईन. पण ट्रिपल कॅलेंडर, म्हणजे तारीख-वार-महिना आणि बहुतेक वेळा चंद्र असलेली चाळीस-पन्नासच्या दशकातली स्विस घड्याळं जुन्या घरांतून अधूनमधून येतात. त्यांना महिना किती दिवसांचा ते कळत नाही, सगळे महिने ३१ चे. वर्षातून पाच वेळा हाताने पुढे न्यावं लागतं. तरी आतलं काम बघण्यासारखं असतं.

डायल उतरवली की पातळ पोलादी तरफा आणि केसाएवढ्या स्प्रिंगा दिसतात. प्रत्येक स्प्रिंग ताणावर. चिमटा जरा घसरला की गेली उडून, आणि असल्या घड्याळाची स्प्रिंग बाजारात मिळत नाही, घडवावी लागते. म्हणून मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून आतच ती सोडतो. गिऱ्हाईक हसतात. हसू देत.

स्केलेटनबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. धातू कुठून काढायचा यापेक्षा कुठून काढायचा नाही हे ठरवणं अवघड. पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, माणकं (चाकांचे आस ज्यांत फिरतात ते खडे) बसलेली असतात, त्यांच्यातली अंतरं केसभरही हलता कामा नयेत. जास्त कापलं तर पूल लवतो, चाकं एकमेकांत घट्ट बसतात नाहीतर सैल पडतात, आणि घड्याळ चालेनासं होतं. कॅलेंडरच्या बाजूला तर आणखी पंचाईत, कारण तिथे तरफांना फिरायला मोकळी जागाही हवी आणि टेकायला धातूही हवा.

हाताने कापलेलं ओळखायचं असेल तर आतले कोन बघा. बारीक करवतीचं पातं भोकातून ओवून कारागीर नक्षी कापतो, मग कानशीने कड ४५ अंशात उतरवतो, मग जेन्शियन नावाच्या झाडाच्या वाळलेल्या काडीला पॉलिशची पेस्ट लावून ती कड आरशासारखी करतो. दोन कडा आत जिथे मिळतात तिथे टोकदार कोपरा येतो. गोल फिरणाऱ्या कटरला असा कोपरा काढता येत नाही, त्याचा कोपरा गोलसरच राहतो. दहा पटीचं भिंग घ्या, दोन मिनिटांत उलगडा होतो.

उगाच_एक

भिंगवाला, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव. वाचनखूण साठवली.

पार्कचौक९२

एक शंका. धागालेखकांनी लिहिलंय की तरफेचं नाक कडेवर टेकतं वगैरे. हे डोळ्यांनी दिसतं का खरंच? की पुस्तकात वाचून? कारण इतकं हळू चालणारं काही दिसणार कसं?

चाटीगल्लीकर

बघितलंय. घरात लग्न होतं, पुण्याहून एक दूरचे काका आले होते. त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातलं स्केलेटन पर्पेच्युअल आहे, आणि योगायोगाने ती रात्र होती ३० एप्रिलची. आम्ही चार-पाच जण गच्चीवर. उकाडा असा की अकरा वाजताही गच्चीची फरशी पायाला पोळत होती. काकांनी घड्याळ काढून रुमालावर ठेवलं, मी भिंग आणि मोबाईलचा टॉर्च.

आधी काहीच कळत नाही. मग लक्षात येतं की चोवीस तासांत एक फेरा घेणाऱ्या चाकावरचं बोट तरफेला लागलंय आणि तरफ ढळायला लागलीय. मिनिटकाट्यापेक्षाही सावकाश. नजर हटवून पुन्हा बघितलं तरच फरक कळतो. तिच्या पोटाखालची स्प्रिंग हळूहळू वाकत जाते. बाराच्या सुमारास तारखेचा काटा ३० वरून निघाला, ३१ वर टेकलाच नाही, थेट १ वर जाऊन थांबला. त्याच दमात महिन्यांचं चाक एक घर सरकलं. मग बोट सुटलं, तरफ झटकन मागे आली आणि तिचं नाक आता मे महिन्याच्या उंच कडेवर टेकलं. तो मागे येण्याचा क्षण तेवढा डोळ्यांदेखत होतो, बाकी सगळं चोरपावलांनी.

लहान मुलं तोवर कंटाळून खाली पळाली होती. मोठ्यांपैकी एकाने विचारलं, 'झालं?'

पार्कचौक९२

भारीच. मग फेब्रुवारीचा खेळ दाखवायला सांगायचा ना काकांना, काटे फिरवून.

चाटीगल्लीकर

विचारलं होतं. असे हात जोडले त्यांनी! या घड्याळांचं कॅलेंडर साधारणपणे पुढेच जातं, मागे येत नाही. हौसेने फेब्रुवारीपर्यंत नेलं की अडकलात. एकतर खरा फेब्रुवारी येईपर्यंत घड्याळ बंद करून कपाटात ठेवा, नाहीतर चार वर्षांचा सगळा फेरा बटणं दाबून पुरा करा. म्हणून तर हे लोक घड्याळ थांबू देत नाहीत, फिरत्या पेटीत ठेवतात.

भिंगवाला

आणि रात्री नऊ ते पहाटे चारपर्यंत कॅलेंडरच्या बटणाला हात लावायचा नाही, हे पाटीवर लिहून ठेवा. ते बोट तेव्हा तरफेत गुंतलेलं असतं. माझ्याकडे मोडून येणाऱ्या कॅलेंडर घड्याळांत हेच कारण जास्त.

तिथीवार

उशिरा आलो. चंद्राचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो, दाते पंचांगाच्या गावात तो राहून जावा हे बरं नव्हे.

या घड्याळांतल्या चंद्राच्या तबकडीवर दोन चंद्र रंगवलेले असतात आणि कडेला ५९ दात. रोज एक दात. म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. प्रत्यक्षात अमावास्या ते अमावास्या सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं. महिन्याला पाऊण तासाच्या आसपास फरक पडत जातो आणि साधारण दोन वर्षं साडेसात-आठ महिन्यांत घड्याळातला चंद्र एक दिवस पुढे पळालेला असतो. गंमत बघा, अधिक महिनाही सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी, म्हणजे जवळपास तेवढ्याच अंतराने येतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण लक्षात ठेवायला सोपं. २०२३ ला अधिक श्रावण झाला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. अधिक महिना आला की चंद्र तपासायचा. १३५ दातांचं चाक बसवलं तर मात्र १२२ वर्षांत एक दिवस चुकतो.

पण हा झाला सरासरी चंद्र. आकाशातला कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, म्हणून तर तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. घड्याळाला ते सांगायचं कसं? खाचा पाडलेलं चाक चार वर्षांनी त्याच जागी येतं, कारण इंग्रजी महिने त्याच क्रमाने येतात. आपला अधिक महिना १९ वर्षांत सात वेळा, आणि तोही कुठला महिना हे गणित करून काढावं लागतं.

चाटीगल्लीकर

वा! याचीच वाट बघत होतो. असा प्रयत्न ईस्टरसाठी झालाय. ईस्टरची तारीखही चंद्रावर अवलंबून, दरवर्षी वेगळी. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९८९ मध्ये कॅलिबर ८९ काढलं, १७२८ भाग असलेलं खिशातलं घड्याळ. त्यात ईस्टरच्या तारखेसाठी खाचांचं एक चाक बसवलं, वर्षाला एक खाच. खाचा २०१७ पर्यंतच्याच होत्या. पुढचं हवं तर नवीन चाक कापून बसवा.

आपला पर्पेच्युअलही तसा अमरपट्टा घेऊन आलेला नाही. २१०० ला लीप वर्ष नाही, त्यामुळे ही बहुतेक सगळी घड्याळं त्या वर्षी २८ फेब्रुवारीनंतर २९ दाखवणार आणि कुणाला तरी हाताने १ मार्च करावा लागणार.

कडकभाकरी

ते कुणाला तरी म्हणजे तुझ्या पणतूला. त्याला आत्ताच सांगून ठेव.

सुईदोरा

तिथीवार, फार सुंदर प्रतिसाद.

धागालेखकांना एक विचारायचंय. ही जोडी, म्हणजे स्केलेटन आणि अवघड कॅलेंडर, सत्तर-ऐंशीच्या दशकातच इतकी का बहरली? पर्पेच्युअल तर फार जुनं असावं.

चाटीगल्लीकर

जुनंच आहे. लंडनच्या थॉमस मजने १७६२ च्या सुमारास केलं. मनगटावर आलं १९२५ ला. पाटेकने स्त्रियांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी १८९८ मध्ये केलेलं एक मशीन पडून होतं, तेच घालून.

तुम्ही म्हणता त्या काळाचं कारण क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरची घड्याळं. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत ॲस्ट्रॉन विकायला काढलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ धंद्यातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्यांच्या जेमतेम ३०,००० उरल्या. अचूकपणात बॅटरीशी भांडून उपयोग नव्हता. मग काही जणांनी बॅटरीला जे जमणारच नाही ते करायला घेतलं. ओदमार पिगे या स्विस कंपनीने १९७८ ला, म्हणजे ऐन मंदीत, ऑटोमॅटिक पर्पेच्युअल मशीन काढलं, जाडी ३.९५ मिलिमीटर. पुढे ऐंशीच्या दशकात तेच मशीन कोरून स्केलेटनही केलं, रॉयल ओक या त्यांच्या घड्याळातसुद्धा.

१९८५ ला आयडब्ल्यूसी या दुसऱ्या स्विस कंपनीचं दा विंची नावाचं घड्याळ आलं. कुर्ट क्लाउस नावाच्या घड्याळजीने त्याचं कॅलेंडर आखलं. चार आकडी वर्ष दाखवतं आणि सगळं एका किल्लीवर लागतं. शतकाच्या आकड्याची पट्टी शंभर वर्षांतून एकदा सरकते. सोबत काचेच्या नळीत २२०० नंतरच्या शतकांची सुटी पट्टी द्यायचे! धंदा राहतो की जातो अशी वेळ, आणि हे लोक तेविसाव्या शतकाचे सुटे भाग देतायत.

सुईदोरा

हे पटलं. माझे वडील गिरणीत होते. भोंगा बंद झाला तेव्हा साचे भंगारात गेले आणि ते चालवणारी बोटं घरी बसली. तिकडे निदान काहींना वेगळी वाट सापडली. वेळ न दिसणाऱ्या घड्याळावरचा माझा राग थोडा कमी केलाय. थोडाच.

पार्कचौक९२

आता व्यवहाराचं बोला. माझ्यासारख्या पगारदाराने काय घ्यावं? एका साईटवर 'व्हिंटेज स्विस स्केलेटन, फुल कॅलेंडर' असं साडेसहा हजाराला दिसतंय.

भिंगवाला

सोडून द्या. त्या किमतीत बहुतेक वेळा जुनं साधं मशीन अलीकडे कुणीतरी कापलेलं असतं, किंवा नवीन मशीन जुन्या डब्यात. कॅलेंडरच्या छोट्या तबकड्या कित्येकदा नुसत्या छापलेल्या असतात, काटा फिरतो पण महिना बदलत नाही. विकणाऱ्याला एकच व्हिडिओ मागा: रात्री अकरापासून साडेबारापर्यंत काटे पुढे फिरवताना तारीख आणि वार बदलतोय असा. टाळाटाळ केली की समजून जा.

खरंच सुरुवात करायची तर स्केलेटन आणि कॅलेंडर वेगवेगळं घ्या. ओरिएंटचं मल्टी इयर कॅलेंडर बघा, १९६५ पासूनची जात आहे. त्यात वर्ष आणि महिना तुम्ही जुळवायचा, मग त्या महिन्याचे वार-तारखा समोर येतात. पर्पेच्युअल नव्हे ते, पण रोज हाताळायला मजा येते आणि मोडलं तर दुरुस्त होतं. ट्रिपल कॅलेंडर घेणार असाल तर डब्याच्या कडेला तारीख-महिना पुढे न्यायची बारीक बटणं असतात ती बघा. तिथून घाम आणि धूळ आत जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात असलं घड्याळ घालून होटगी रोडने टू-व्हीलरवर फिरू नका. बटणं दाबायला सेफ्टी पिन वापरलेली असेल तर भोकाभोवती ओरखडे दिसतात, तेवढ्यावरून आधीच्या मालकाची पारख होते. मी गिऱ्हाइकांना टूथपिक देतो.

पार्कचौक९२

धन्यवाद. व्हिडिओ मागितला. 'सर, घड्याळ पॅक केलेलं आहे' असं उत्तर आलंय.

कडकभाकरी

मग ओरिएंट बघ. आणि घेतलंस की भिंगवाल्यांच्या दुकानात भेटू, शेंगा चटणी माझ्याकडून.

भिंगवाला

चालेल. सोमवारी बंद असतं. चटणीचे हात मात्र बाहेर धुऊन या.